सिद्ध तैलांसाठी पात्रविचार : साठवणीचे पात्र व ओतण्याचे पात्र

स्नेहकल्पनेतील पाकलक्षणांविषयी आपला वैद्यवर्ग अत्यंत दक्ष असतो. कल्काची वात वळते की नाही, ती अग्नीवर धरली असता तडतडते की नाही, तैलात फेनोद्गम झाला की नाही, याची परीक्षा केल्याशिवाय कढई चुलीवरून उतरत नाही. तेच तैल गाळून झाले की मात्र हाताशी असेल त्या बाटलीत, डब्यात किंवा प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरले जाते आणि पुढे त्याचे काय होते याकडे सहसा लक्ष जात नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यात मार्चअखेरपासून मृग लागेपर्यंत जो उन्हाळा असतो, त्याचा विचार करता ही उपेक्षा परवडणारी नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे येथे नवलाचे नाही, आणि पत्र्याच्या छपराखालील खोलीत माळ्यावर ठेवलेला डबा त्याहूनही अधिक तापतो. याच डब्यातील तैल आपण नस्यासाठी वापरतो, बस्तीत घालतो, नवजात बालकाच्या अभ्यंगासाठी देतो. ते खवट झालेले असेल तर द्रव्यांची निवड व पाकाचे श्रम वाया जातातच. शिवाय नासिकेची किंवा बालकाची त्वचा दुखावण्याचा धोका असतो, आणि दोष मात्र योगाच्या माथी मारला जातो.

प्रस्तुत लेखात तैलाच्या पात्राचा विचार केला आहे. त्यात एका मुद्द्यावर विशेष भर आहे, तो असा की साठवणीचे पात्र आणि ओतण्याचे पात्र ही दोन वेगळी असावीत. काच की स्टील की प्लास्टिक हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

ग्रंथांतील संकेत

पात्राचा स्नेहावर परिणाम होतो ही जाणीव आपल्या ग्रंथांत स्पष्ट आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात विरुद्ध द्रव्यांच्या प्रसंगी, काश्याच्या भांड्यात दहा दिवस ठेवलेले तूप वर्ज्य सांगितले आहे. दुसरीकडे सुश्रुताने सूत्रस्थानाच्या सेहेचाळिसाव्या अध्यायात कोणता पदार्थ कोणत्या पात्रातून वाढावा हे सांगताना तुपासाठी लोखंडाचे पात्र सांगितले आहे. ही दोन वचने शेजारी ठेवून वाचली म्हणजे एक भेद लक्षात येतो. सुश्रुताचे पात्र वाढण्याचे आहे; तेथे स्नेह घटका-दोन घटका असतो. वाग्भटाच्या निषेधात दहा दिवसांचा काळ मुद्दाम नोंदवला आहे. म्हणजे पात्राचा विचार काळासह करावयाचा आहे. घटकाभरासाठी चालणारे भांडे महिनाभरासाठी चालेलच असे नाही.

काश्याविषयीच्या निषेधाचे मर्म आज रसायनशास्त्राच्या भाषेतही सांगता येते. कासे हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू होय. तांब्याचा अत्यल्प अंशही स्नेहाच्या ऑक्सिडीकरणाला गती देतो. ऑलिव्ह तेलाच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात लोहाची कमाल मर्यादा किलोस ३ मिलिग्रॅम आहे, तर तांब्याची केवळ ०.१ मिलिग्रॅम. तांब्याबाबत तीसपट अधिक कडक राहावे लागते, यावरून त्याचे सामर्थ्य ध्यानात यावे.

काळमर्यादेविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. शार्ङ्गधराने घृत-तैलादी कल्पांच्या वीर्यकालाविषयी जे म्हटले आहे, त्याचा अर्थ सामान्यतः सोळा महिने असा लावला जातो. औषधी व सौंदर्यप्रसाधने नियमांतील १६१-ब या नियमात तैलासाठी ३ वर्षांची मुदत आहे. अनेक औषधीविक्रेते लेबलावरील ही मुदत पाहून निश्चिंत राहतात. परंतु ती मुदत कारखान्यातून आलेल्या बंद वेष्टनाची आहे. बूच उघडल्या दिवसापासून हिशेब बदलतो.

तेलातेलांतील फरक

सर्व तेले सारख्याच वेगाने बिघडत नाहीत. तिळाच्या तेलात सेसमॉलसारखी नैसर्गिक रक्षक द्रव्ये असतात, त्यामुळे ते बरेच टिकाऊ आहे. तैलकल्पांसाठी तिळालाच अग्रस्थान मिळाले, त्यामागे हेही एक कारण असणे शक्य आहे. खोबरेलात संतृप्त मेदाम्ले ९० टक्क्यांच्या आसपास असल्याने तेही लवकर खवटत नाही. एरंडेलही तसे चिवट आहे. याउलट विदर्भात पूर्वापार होणाऱ्या जवसाचे तेल अतिशय नाजूक. त्यातील निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. ते हवेत सुकून पापुद्रा धरते, म्हणून तर रंगकामात त्याचा उपयोग होतो. जवसाचे तेल कधीही मोठ्या भांड्यात साठवू नये, आणि उघडलेली बाटली उन्हाळ्यात शीतकपाटाबाहेर ठेवू नये.

ऑलिव्ह तेल आपल्या संहितांतील नव्हे. युनानी वैद्यकात ते रोगन जैतून म्हणून प्रसिद्ध आहे. तथापि बाळाच्या मालिशीसाठी ते औषधांच्या दुकानांतून फार वर्षांपासून लहान पत्र्याच्या डब्यांत विकले जात आहे आणि आता रुग्ण ते घेऊन आपल्याकडे विचारणा करतात. त्याचा येथे उल्लेख करण्याचे कारण निराळे आहे. ते पिकवणाऱ्या भूमध्य सागराकाठच्या देशांनी तेलाच्या पात्राचा जितका विचार केला तितका क्वचितच कोणी केला असेल. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणविल्या जाणाऱ्या तेलाची मुक्त आम्लता ०.८ टक्क्यापेक्षा अधिक नसावी आणि पेरॉक्साइड मूल्य २० च्या आत असावे, असा तेथील दंडक आहे. न तापवता काढलेल्या या हिरवट तेलात हरितद्रव्य असते. अंधारात ते निरुपद्रवी, परंतु प्रकाश पडताच तेच हरितद्रव्य ऑक्सिजनला उद्दीपित करून तेलाचा नाश करते. म्हणून ते तेल गडद काचेत किंवा पत्र्याच्या डब्यात भरतात. आपली दूर्वादी तैलासारखी हिरवी तैले, तसेच भृंगराज, निंब यांच्या ओल्या पानांच्या कल्काने सिद्ध केलेली तैले याच प्रकारात मोडतात. ती पांढऱ्या काचेच्या बाटल्यांत भरून दुकानाच्या दर्शनी कपाटात मांडण्याची हौस आवरावी.

कच्च्या तेलाचा प्रश्न

पात्राचा प्रश्न पाकापूर्वीच सुरू होतो. घाणीच्या तेलाशी वर्ध्याचे नाते जुने आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना येथे झाली. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली ज्या ग्रामोद्योगांवर काम चालले, त्यांत तेलघाणी प्रमुख होती. झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली घाणी ‘वर्धा घाणी’ या नावाने देशभर ओळखली गेली. अलीकडे लाकडी घाण्याच्या तेलाला पुन्हा मागणी आली आहे व अनेक वैद्य आवर्जून तेच वापरतात, हे योग्यच आहे. मात्र घाणीत तिळावर थोडे पाणी शिंपडावे लागते. त्यामुळे ताज्या तेलात ओलाव्याचा अंश व ढेपेचे बारीक कण राहतात. असे तेल तसेच बंद केले तर तळाशी गाळ बसतो, गाळात ओल धरून राहते आणि आम्लमूल्य तेथून वाढू लागते. ताजे तेल स्टीलच्या उंच भांड्यात आठ-दहा दिवस स्वच्छ फडक्याखाली निवळू द्यावे, वरचे तेल हलक्या हाताने काढून घ्यावे, तळचे चार बोटे तेल औषधासाठी घेऊ नये. ज्यांच्याकडे तोटी लावलेले पिंप आहे त्यांनी तोटी तळाला न लावता तळापासून थोडी वर लावून घ्यावी. पुढे मूर्च्छना विधी करावयाचा असेल तरी ही निवळण्याची पायरी गाळू नये.

रिकाम्या जागेतील हवा

तैल बिघडविणाऱ्या गोष्टी चार : उष्णता, प्रकाश, धातू आणि हवा. उष्णतेविषयी स्थूलमान असे की तापमान १० अंशांनी वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेग सुमारे दुप्पट होतो. २५ अंशांवरील खोलीच्या तुलनेत ४५ अंशांवरील खोलीत बिघाड चौपट वेगाने होतो, असे समजावे. हे बहुतेकांना ठाऊक असते. प्रकाशाचे वर सांगितले. हवेचा हिशेब मात्र फारसा कोणी करत नाही, तो येथे मांडतो.

एक लिटरची बाटली अर्धी रिकामी आहे असे समजा. तीत ५०० मिलिलिटर तेल व ५०० मिलिलिटर हवा आहे. हवेचा सुमारे एकपंचमांश भाग ऑक्सिजन, म्हणजे १०० मिलिलिटरहून थोडा अधिक. हा सारा ऑक्सिजन तेलात शोषला जाऊन त्याचे पेरॉक्साइड झाले, तर त्या तेलाचे पेरॉक्साइड मूल्य सुमारे १८ ने वाढेल. वर सांगितलेली ऑलिव्ह तेलाची कमाल मर्यादा २० आहे. आता तीच बाटली गळ्यापर्यंत भरलेली आहे व वर केवळ ३० मिलिलिटर हवा आहे असे धरा. त्याच हिशेबाने वाढ होईल अर्ध्याच्या आसपास. एकीकडे १८, दुसरीकडे अर्धा! तेल तेच, काच तीच आणि कपाटही तेच. प्रत्यक्षात सर्व ऑक्सिजन एकदम खर्च होत नाही हे खरे. पण बूच दररोज उघडले जाते आणि खर्च झालेल्या ऑक्सिजनच्या जागी नवा येतो, हेही तितकेच खरे.

आता आपल्या चिकित्सालयांतील परिस्थिती पाहू. १५ किलोच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर तेल असते. अभ्यंगासाठी रोज २०० मिलिलिटर लागते असे धरले, तर होळीच्या सुमारास उघडलेला डबा मृग नक्षत्रापर्यंत पुरतो. म्हणजे वर्षातील सर्वांत उष्ण बारा आठवडे हा डबा उघडा आहे, दररोज त्यातील तेल कमी आणि हवा जास्त होत आहे, आणि डब्याच्या तळचे शेवटचे दोन लिटर तेल चौदा लिटर हवेखाली पडून आहे. यावर उपाय सोपा आहे. डबा ज्या दिवशी फोडाल त्याच दिवशी त्यातील सर्व तेल एक-एक लिटरच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून बुचे घट्ट लावावीत. सोळा बाटल्या भरतील व थोडे उरेल. ते उरलेले आधी वापरावे. पुढे रोजच्या कामासाठी एका वेळी एकच बाटली उघडावी. ती पाच दिवसांत संपते. उरलेल्या पंधरा बाटल्यांना बाहेरच्या हवेचा स्पर्शही होत नाही. या कामाला एक दुपार लागते आणि बाटल्यांचा खर्च एकदाच होतो.

पात्रांची द्रव्ये

काच सर्वोत्तम, यात दुमत नाही. ती तेलाशी क्रिया करत नाही, हवा आत येऊ देत नाही, आणि गडद तपकिरी असेल तर अपायकारक प्रकाशकिरण अडवते. हिरवी काच त्यामानाने कमी उपयोगी. तपकिरी बाटल्या न मिळाल्यास साधी बाटली जाड कागदात गुंडाळून बंद कपाटात ठेवली तरी काम भागते. काचेला दोष एकच, फुटण्याचा. परंतु खेडोपाडी औषधे घेऊन फिरणाऱ्या वैद्यासाठी तो लहान नव्हे.

मोठ्या साठ्यासाठी चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. येथे एक गोष्ट वारंवार दिसते. पिंप उत्तम स्टीलचे असते आणि त्याला तोटी मात्र पितळेची बसवलेली असते. पितळेत तांबे असते. तोटीच्या पोटात जे थोडे तेल अडकून राहते ते रात्रभर तांब्याच्या संपर्कात असते आणि सकाळी तेच सर्वांत आधी बाहेर येते. तोटीही स्टीलचीच बसवून घ्यावी. खर्चाचा फरक क्षुल्लक आहे. कल्हई केलेली पितळी भांडी ओतण्यापुरती ठीक, पण कल्हई झिजते आणि ती कोठे झिजली हे आत तेल असताना दिसत नाही. साठवणीसाठी ती नकोत.

पत्र्याचा नवा डबा, आतून योग्य लेप असलेला, प्रकाश व हवा या दोन्हींपासून चांगले रक्षण करतो. जुन्या डब्याचा पुनर्वापर मात्र कटाक्षाने टाळावा. लेप खरवडलेल्या जागी लोखंड उघडे पडते, सांध्यांत आधीच्या तेलाचा खवट थर राहतो, आणि तो थर नव्या तेलाला विरजणाप्रमाणे लागतो. अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या वेष्टनविषयक विनियमांतही खाद्यतेलासाठी एकदा वापरलेले पत्र्याचे डबे पुन्हा वापरण्यास मनाई आहे. खाण्याच्या तेलाला जो नियम, तो औषधी तैलाला आपण स्वतःहून लावून घ्यावा.

प्लास्टिकविषयी टोकाची मते ऐकू येतात. सर्व प्लास्टिक सारखे नसते. पांढरट, अर्धपारदर्शक एचडीपीईच्या कॅनमधून ऑक्सिजन हळूहळू आत शिरतो. बूच घट्ट असले तरी हे घडते. पारदर्शक पीईटी बाटलीतून तो पुष्कळ कमी शिरतो, पण प्रकाश मात्र पूर्ण जातो. म्हणून पीईटी वापरायचे तर रंगीत व अल्पकाळासाठी. ज्या तैलांत कापूर, निलगिरी किंवा गंधपुरा यांसारखी उडनशील द्रव्ये आहेत, ती कोणत्याही प्लास्टिकमध्ये दीर्घकाळ ठेवू नयेत. ही द्रव्ये प्लास्टिकमध्ये मुरतात, भिंती मऊ पडतात आणि औषधाचा गुण बाटली खाते. शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्यांत रुग्णाला तैल देण्याच्या प्रथेविषयी अधिक काय लिहावे!

चिनी मातीची बरणी दिसावयास शोभिवंत असते, पण तिचे झाकण हवाबंद नसते आणि झिलईला तडा गेला की तेल आत मुरते. ती लोणच्यालाच शोभते.

भरताना किती जागा सोडावी

गळ्यापर्यंत भरावे असे वर म्हटले, तरी काठोकाठ भरू नये. तेल तापल्यावर फुगते. जानेवारीत २० अंशांवर भरलेली ५०० मिलिलिटरची बाटली मे महिन्यात ४५ अंशांवर पोहोचली की आतील तेल जवळजवळ ९ मिलिलिटरने वाढते. तेवढी जागा नसेल तर ते बुचाखालून बाहेर येते, लेबल तेलकट होऊन अक्षरे पुसली जातात. उन्हाळ्यात दुकानांतील कपाटे चिकट होतात त्याचे हे एक कारण आहे. दर वेळी दोष बुचाचा नसतो. साधारण ३ टक्के जागा सोडणे पुरेसे आहे. हिवाळ्यात याच्या उलट अडचण येते. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजते, त्यामुळे खोबरेलात सिद्ध केलेली केश्य तैले पौष-माघात अरुंद तोंडाच्या बाटलीतून बाहेरच येत नाहीत. रुग्ण मग ती बाटली चुलीजवळ ठेवतात. अशी तैले व सर्व घृते रुंद तोंडाच्या बरणीवजा बाटलीत द्यावीत आणि सोबत कोरडा चमचा वापरण्याची सूचना लिहावी.

ओतण्याचे पात्र

पूर्वी घरोघरी तेलाची बुधली वेगळी व साठ्याचे भांडे वेगळे असे. रोजचे तेल बुधलीत काढून घेत. ही विभागणी आपण विसरलो आहोत.

ओतण्याचे पात्र लहान असावे; त्यात एक-दोन दिवसांचे, फार तर आठवड्याचे तेल मावावे. त्याची चोच बारीक व कडेला धारदार असावी. जाड, गोल ओठाच्या भांड्यातून ओतताना शेवटचा थेंब तुटत नाही, तो बाहेरून खाली ओघळतो. हा ओघळ पातळ थरात हवेला उघडा असल्याने सर्वांत आधी खवटतो, धूळ धरतो, आणि पुढच्या वेळी ओतताना धारेबरोबर आत-बाहेर होतो. चोचीला टोपण असावे. हवा आत येण्यासाठी दुसरे छिद्र असेल तर धार गचके न खाता एकसारखी पडते; शिरोधारेसाठी तैल मापून घेताना याचा विशेष उपयोग होतो.

महत्त्वाचा नियम असा की हे पात्र पूर्ण रिकामे झाल्याशिवाय त्यात नवे तेल घालू नये. उरलेल्या जुन्या तेलावर नवे ओतत राहिल्यास त्या पात्रातले तेल कधीच ताजे नसते. रिकामे झाले की गरम पाणी व धुण्याचा सोडा यांनी धुवावे, दोनदा स्वच्छ पाण्याने विसळावे, उलटे घालून पूर्ण कोरडे करावे. घाईत ओले पात्र भरणे हे न धुण्याहून वाईट. पाण्याचा अंश राहिला की तैलाचे विघटन दुसऱ्या मार्गाने सुरू होते. यासाठी दोन पात्रे आलटून पालटून वापरणे सोयीचे. अभ्यंगासाठी कोमट केलेले तैल उरल्यास ते मूळ बाटलीत परत टाकू नये. कोमट करावयाचे तेही लागेल तेवढेच, वाटीत घेऊन गरम पाण्यावर.

नस्याच्या ड्रॉपरबद्दल एक सूचना. त्याचा रबरी फुगा तेलाने फुगतो व चिकट होतो, म्हणून ड्रॉपर बाटलीत कायम उभा ठेवणारी बुचे टाळावीत. काचेची नळी वेगळी ठेवावी किंवा बाटलीच्या तोंडालाच थेंब पाडणारी चकती बसवावी. तसेच ग्रंथोक्त बिंदू म्हणजे तर्जनीची दोन पेरे स्नेहात बुडवून पडणारा थेंब; तो ड्रॉपरच्या थेंबाहून बराच मोठा असतो. मात्रा लिहून देताना हा फरक ध्यानात घ्यावा.

परीक्षा व नोंद

तळहातावर चार थेंब चोळून, ऊब आल्यावर वास घेणे ही पहिली परीक्षा. परंतु हिंग, लसूण, कापूर असलेल्या तैलांत खवटपणा वासात लपतो. अशा वेळी बाटलीच्या गळ्याशी आतून बोट फिरवून पाहावे. तेथे चिकट, गोंदासारखा थर लागला तर आतील तैलही त्याच वाटेवर आहे असे समजावे. फ्लोरोग्लुसिनॉल व हायड्रोक्लोरिक आम्ल यांनी लाल रंग येण्याची क्रीस परीक्षा साध्या तेलांना उपयोगी असली, तरी मंजिष्ठेने मुळातच लाल झालेल्या तैलात ती फसवी ठरते. औषधीनिर्मात्यांनी आयुर्वेदिक फार्माकोपियात सांगितल्याप्रमाणे आम्लमूल्य व पेरॉक्साइड मूल्य प्रयोगशाळेतून काढून घ्यावे, आणि ते केवळ निर्मितीच्या दिवशी न काढता एक नमुना राखून उन्हाळा संपल्यावर पुन्हा काढावे. आपल्या पात्राची खरी पारख त्या दुसऱ्या आकड्यात होते.

बाटल्यांत विभागलेल्या तैलावर मूळ डब्यावरील नाव, निर्मात्याचा तुकडी क्रमांक, निर्मितीची व मुदतीची तारीख उतरवून घ्यावी, बाह्योपयोगी तैलावर तसे स्पष्ट लिहावे, आणि खाली डबा फोडल्याची तारीख पेन्सिलीने लिहावी. शाई तेलाने पसरते, पेन्सिलीचे अक्षर राहते.